मनीची रात्र, आईची झोप

चांदूर रेल्वेच्या आमच्या घरातून रूळ फार दूर नाहीत. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रात्रभर बडनेरा आणि धामणगावकडे धडधडत जातात, मालगाड्यांनी खिडकीची तावदाने थरथरतात. माझ्या आईला या आवाजाने कधी जाग आली नाही. सासरी आल्यापासूनच्या पन्नासहून अधिक वर्षांत तिचा मेंदू त्या आवाजाला ओळखून आहे. गाडी आपल्याकडे काही मागत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तिची झोप मोडत होती ती मनीच्या पंजाने. पहाटे साडेतीनला गालावर मऊ पंजा, मग कानाशी गुरगुर, मग पायाशी उडी. या पंजाला मात्र उत्तर द्यावे लागे, कारण मनी काहीतरी मागत असे.

आई शहात्तर वर्षांची. बाबा गेल्यानंतर त्या घरात ती आणि ही चार वर्षांची मांजर, असा दोघींचाच संसार. आई साडेतीनला उठे, अंधारातच स्वयंपाकघरात जाई, वाटीभर दूध ओते आणि परत येऊन पडे. पण मोडलेली झोप पुन्हा लागत नसे. दिवसा पेंग, चिडचिड, रक्तदाबाची गोळी घेतली की नाही याचा विसर. फोनवर विचारले तर म्हणे, ‘म्हातारपणी झोप कमीच असते.’ गेल्या कार्तिकात एका पहाटे मनी पायात घुटमळली, आई उंबरठ्यावर पडली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर पडले, म्हणून मी पुण्याहून चांदूरला येऊन राहिले.

भावाचे मत स्पष्ट होते: मांजर कुणाला तरी देऊन टाकावी. तो चुकीचे बोलत होता असे मी म्हणणार नाही. मनगटाच्या जागी खुब्याचे हाड असते तर? पण आई म्हणाली, ‘तिले कायले काढता? रातच्याले या घरात जीव म्हणून तेच एक आहे.’ या वाक्यानंतर आमच्यापैकी कुणी काही बोलले नाही. शेवटी ठरले ते एवढेच, की प्लॅस्टर निघेपर्यंत मनीची रात्र आणि आईची रात्र एका वेळेवर आणता येते का, ते पाहायचे. त्या सहा आठवड्यांत जे शिकले, ते अशाच घरांतील ज्येष्ठांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

मांजर रात्री का जागते?

मांजर निशाचर आहे, असा आपला समज असतो. वास्तविक ती संधिकाळाची प्राणी आहे. पहाट आणि तिन्हीसांज या दोन वेळांना तिचे अंग सर्वाधिक चपळ असते, कारण उंदरांसारखे तिचे भक्ष्य त्याच वेळी बाहेर पडते. माणसाला दिसण्यासाठी जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्यात तिचे भागते. दिवसाचे बारा ते सोळा तास ती झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. आपल्यासारखी एका दमात नव्हे. आणि रानातली मांजर दिवसातून एकदोनदा पोटभर जेवत नाही, तर लहान लहान शिकारींवर अनेकदा खाते. म्हणून रात्री आठला जेवलेल्या मांजराला पहाटे भूक लागणे हा खोडकरपणा नसून देहधर्म आहे.

माणसाशी तिचे नाते धान्यामुळे जुळले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेली मांजर आढळली आहे. धान्याच्या साठ्याजवळ उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. वऱ्हाडात ही गोष्ट ज्येष्ठांना वेगळी सांगायला नको. ज्वारीच्या कणग्या भरलेल्या घरात मांजर हवीच असे, आणि तिचे रात्री जागणे ही तिची चाकरी होती. आता घरात कणगी नाही, सोयाबीन मळणीनंतर थेट बाजारात जाते, आणि मांजर मात्र दिवसभर पलंगावर लोळून रात्री कामावर हजर होते. काम उरलेले नाही, म्हणून ती मालकिणीला उठवते.

आणि आपली झोप?

वयानुसार माणसाची झोपही बदलते. गाढ झोपेचा भाग कमी होतो, जाग चटकन येते, आणि शरीरातील घड्याळ थोडे पुढे सरकते. संध्याकाळी लवकर डोळे मिटू लागतात आणि पहाटे लवकर उघडतात. या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पासष्टीपुढे झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. साधारण सात ते आठ तास हवेच असतात. ‘म्हातारपणी झोप कमीच लागते’ हा समज म्हणूनच घातक ठरतो. झोप कमी लागत नाही, कमी मिळते.

अपुऱ्या झोपेत अंधारात उठणे आणि पायाशी मांजर असणे, हा योग हाडांसाठी वाईट. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ ते २००६ या वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार तेथे दरवर्षी ८६ हजारांहून अधिक लोक कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होत. त्यांतील बहुतेक घटना कुत्र्यांमुळे घडल्या हे खरे. पण हाड मोडण्याचे प्रमाण पंच्याहत्तरीपुढील वयात सर्वाधिक होते. तेव्हा हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही.

आधी पशुवैद्य, मग शिस्त

मनीला मी प्रथम पशुवैद्यकांकडे नेले. मांजराची रात्रीची ओरड ही नेहमीच सवय नसते. विशेषतः दहा वर्षांवरील मांजर अचानक रात्री ओरडू लागली, तर थायरॉइडचा अतिस्राव, मूत्रपिंडाचा आजार, वाढलेला रक्तदाब, सांधेदुखी, मंद होत चाललेली दृष्टी किंवा म्हातारपणातील मतिभ्रम यांपैकी काहीही असू शकते. खूप पाणी पिणे, भरपूर खाऊनही वाळत जाणे, मातीच्या खोक्याबाहेर लघवी करणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नये. बोक्याला लघवी होत नसेल तर ती तातडीची अवस्था समजावी. नसबंदी न झालेली मादी माजावर आली की रात्र रात्र ओरडते. तिथे कोणतीही शिस्त उपयोगी नाही, शस्त्रक्रियाच करावी. गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी आपल्या भागातील लोकांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आणि नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन ठिकाणे आहेत.

मनीची नसबंदी पूर्वीच झालेली होती आणि प्रकृतीही ठीक निघाली. दोष आढळला तो जेवणात. आमचे घर माळकरी. मनी दूध-पोळीवर वाढलेली. पशुवैद्यकांनी समजावले की मांजर ही निखळ मांसाहारी जात आहे. टॉरिन नावाचे द्रव्य तिला मांस-मासळीतूनच मिळते. ते नसेल तर डोळे आणि हृदय अधू होते. शिवाय अनेक प्रौढ मांजरांना दूध पचतच नाही. दूध-पोळीने पोट फुगते आणि तीन तासांत पुन्हा भूक लागते. आईने यावर दोन दिवस विचार केला. मग मनीचे तयार खाद्य ओसरीवर, वेगळ्या ताटलीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर द्यायचे असा तोडगा तिनेच काढला. ‘तिचा धर्म तिच्यापाशी,’ ती म्हणाली. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल केला. एकदम बदलल्यास पोट बिघडते.

संध्याकाळची चार पावले

गुरुकुंज मोझरी आमच्यापासून फार दूर नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली पहाटेचे ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही दिनचर्या आई कित्येक वर्षे सांभाळते. या बांधलेल्या दिवसाचा आम्हांला फार उपयोग झाला, कारण मांजराला घड्याळ कळत नसले तरी क्रम नेमका कळतो. प्रार्थनेनंतर, आपले जेवण झाल्यावर, आम्ही मनीचा क्रम असा लावला.

पहिले पाऊल खेळ. रात्री आठच्या सुमारास दहा ते पंधरा मिनिटे. हातभर काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधावी. आई खुर्चीत बसून डाव्या हाताने ती फिरवी. वाकावे लागत नाही की उठावे लागत नाही. चिंधी उंदरासारखी दूर पळवावी, खुर्चीच्या पायामागे लपवावी, आणि शेवटी मनीच्या हाती लागू द्यावी. शिकार कधीच सापडली नाही तर मांजर चिडून जागीच राहते. खेळ झाल्यावर दोरी कपाटात ठेवावी. मांजराने ती गिळली तर आतड्यात अडकते. हाताची बोटे कधीही खेळणे म्हणून वापरू नयेत.

दुसरे पाऊल जेवण. दिवसाच्या खाद्याचा मोठा हिस्सा या वेळेसाठी राखावा आणि तो खेळानंतर लगेच द्यावा. शिकार, भोजन, अंग चाटणे आणि निद्रा, हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. आपण तो फक्त आपल्या सोयीच्या वेळेवर आणतो. सध्याची वेळ फार वेगळी असेल तर दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे सरकवावी.

तिसरे पाऊल सोय. मातीचे खोके स्वच्छ करावे आणि ताजे पाणी ठेवावे. अंथरूण उबदार हवे. मनीसाठी आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ हॉलमधल्या खोक्यात घातली. थंडीत मांजर माणसाच्या पांघरुणात शिरते ते बहुधा उबेसाठीच.

चौथे पाऊल दार. दमा, त्वचेच्या जखमा, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे किंवा पडण्याचा धोका असलेल्या ज्येष्ठांनी मांजर शयनगृहाबाहेर ठेवणेच बरे. आम्ही दार लोटून घेत असू, पण कडी लावत नसू. रात्री मदत लागली तर बाहेरून आत येता आले पाहिजे.

दिवसाही काही करावे लागते. दुपारभर मेल्यासारखी झोपलेली मांजर रात्री ताजीतवानी असणारच. मनीसाठी अंगणाकडच्या खिडकीत पाट टाकला, म्हणजे चिमण्या आणि खारी पाहत ती जागी राही. सकाळचे थोडे खाद्य पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवून ठेवत असू. शोधून खाण्यात तिचा तासभर जाई.

सर्वांत कठीण रात्र

खरी परीक्षा पुढे होती. मांजराच्या ओरडण्याला उत्तर म्हणून उठायचे नाही, दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही आणि रागवायचेही नाही, कारण रागावणे हीसुद्धा तिच्या दृष्टीने दखलच असते. आजवर ज्याने फळ मिळत होते ते अचानक मिळेनासे झाले, की कोणताही प्राणी प्रथम तेच अधिक जोराने करतो. दाराशी हट्ट करणारे लहान मूल आठवावे. ही वाढलेली ओरड अपयशाची नसून सवय सुटू लागल्याची खूण असते.

तिसऱ्या रात्री मनी दाराशी चाळीस मिनिटे ओरडली. मी घड्याळ पाहत पडून होते. आई म्हणाली, ‘उघड ना वं, बिचारी.’ मी उघडले नाही. पाचव्या रात्री शांतता झाली, तेव्हा मला वाटले जमले. सकाळी ओट्यावर दुधाचे पातेले दिसले. मला झोप लागल्यावर आईने उठून, प्लॅस्टरच्या हाताने, मनीला दूध दिले होते. मी रागावले आणि मग गप्प झाले, कारण तिच्या चेहऱ्यावर अपराधाइतकाच आनंदही होता. सकाळच्या चहाला मी तिला एवढेच सांगितले, की आपण असे एकदाच उठलो तर मनी शिकते ते ‘ओरडू नये’ हे नव्हे. ती शिकते, ‘बराच वेळ ओरडले तर मिळते.’ अधूनमधून मिळणारे फळ रोज मिळणाऱ्या फळापेक्षा सवय अधिक घट्ट करते. आई थोड्या वेळाने म्हणाली, ‘म्हणजे मी तिले जास्तच रडायला लावलं.’ त्यानंतर ती रात्री उठली नाही.

सकाळच्या जेवणाबाबत एक नियम फार कामी आला. उठल्याबरोबर मांजराला खायला घालू नये; नाहीतर आपले उठणे आणि तिचे खाणे यांची सांगड बसते व ती आपल्याला लवकर उठवू लागते. आई पाचला उठे, ध्यान करी, चहा पिई, आणि त्यानंतरच मनीची ताटली भरली जाई. काही दिवसांत मनी पलंगाकडे पाहण्याऐवजी चहाच्या पातेल्याच्या आवाजाकडे कान देऊ लागली.

आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जाग आल्याच्या वेळा मांडत गेलो. दुसऱ्या आठवड्याअखेर साडेतीनचे साडेचार झाले. चौथ्या आठवड्यात मनी पाचच्या आधी क्वचितच ओरडली, आणि पाचला आई जागीच असते. साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात असे धरून चालावे. घरातील सर्वांनी एकच नियम पाळला तरच हे जमते.

मांजराच्या गळ्यात घंटा

उंदरांच्या गोष्टीतला जुना प्रश्न आमच्या घरी निकालात निघाला. मनीच्या गळ्यात बारीक घुंगरू असलेला, ताण पडताच आपोआप सुटणारा पट्टा बांधला, म्हणजे ती पायाशी आली की आईला ऐकू येते. याबरोबर आणखी काही गोष्टी केल्या. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा रात्रभर जळतो. उठण्यापूर्वी आई पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसते, चष्मा लावते, मगच उभी राहते. मनीच्या ताटल्या वाटेतून हलवल्या.

काही इशारे प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत. मांजराला झोप यावी म्हणून माणसाचे कोणतेही औषध देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ज्येष्ठांच्या उशाशी पडलेल्या गोळ्या म्हणूनच डबीत बंद असाव्यात. कांदा, लसूण, फिनेल, कापूर आणि कुत्र्यांसाठीची गोचिडांची औषधे मांजराला विषारी ठरतात. घरात उंदरांचे विष ठेवू नये. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तीही दगावू शकते. मांजर चावली किंवा तिने ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून रेबीजच्या लसीबाबत सल्ला घ्यावा. मनीला दरवर्षी ती लस दिली जाते.

आणि स्वतःच्या झोपेसाठी: सकाळी अर्धा तास उन्हात बसावे, दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासावर नेऊ नये, संध्याकाळनंतर चहा टाळावा. मांजर झोपू देत नाही म्हणून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊ नये; गोळीच्या गुंगीत पडण्याचा धोका वाढतो.

उन्हाळ्यात हे वेळापत्रक पुन्हा हलेल, याची मला कल्पना आहे. वऱ्हाडात मे महिन्यात दुपार कूलरपुढे जाते, रात्र उशिरा थंडावते, आणि माणसांप्रमाणे मांजरही दिवसा निपचित पडून पहाटेच्या गारव्यात हुशार होते. तेव्हा खेळाची वेळ रात्री नऊच्या पुढे न्यावी लागेल. क्रम मात्र तोच राहील.

प्लॅस्टर निघाले त्या दिवशी भाऊ आला होता. त्याने मनीकडे पाहिले, घुंगरू वाजवून पाहिले आणि काही बोलला नाही. रात्री जेवण झाल्यावर आईने खुर्ची ओढली आणि काठी उजव्या हातात घेतली. मनगट अजून आखडलेले होते. फिजिओथेरपिस्टने हात हळूहळू हलवत राहा असे सांगितलेच होते. चिंधी सरपटत गेली, मनीने कान टवकारले, आणि बाहेरून नागपूरकडची गाडी धडधडत गेली. दोघींपैकी कुणीही तिकडे पाहिले नाही.